सात नंबरच्या गाडीत फुगलेलं पीठ

आमच्या घरात सूचना वाचणारी मी एकटीच. औषधाच्या खोक्यातला घड्या घातलेला पातळ कागद, वॉशिंग मशीनची पुस्तिका, डायपरच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं, सगळं मी वाचते, आणि तेही तीनतीनदा. नवरा म्हणतो, "तू लिफ्टमध्ये 'सहा व्यक्ती' वाचून माणसं मोजतेस." मोजतेच. बाळ अर्धं धरायचं की पूर्ण, याबद्दल मला अजून शंका आहे.

बाळ म्हणजे आमचे साहेब. वय आठ महिने. कपाळाला आठ्या घालून जगाकडे असे बघतात, जणू कुणीतरी फाईल उशिरा आणली आहे. म्हणून साहेब.

तर त्या रविवारी भाकरीची पाळी आमच्या घराची होती. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची भाकर विकत आणत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका घरानं सकाळी पीठ मळायचं, चर्चच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजायचं आणि मेजावर नेऊन ठेवायचं. ठेवण्याआधी पाळक स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात, "सगळ्यांशी नीट आहे ना?" आपण म्हणायचं, "हो." ते म्हणतात, "मग आणा." संपलं. आठ वर्षं मी हे ऐकतेय. 'हो' सोडून दुसरं कुणी काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

ज्या घराची पाळी, त्या घराला आठवडाभर आधी एक कार्ड मिळतं. जाड पुठ्ठ्याचं, कित्येक घरांच्या तेलाचे डाग पडलेलं. त्यावर कृती लिहिलेली आहे: पीठ किती, यीस्ट किती, किती वेळ मळायचं, किती वेळ फुगू द्यायचं. आठवड्यात मी ती कृती सहा वेळा वाचली. रविवारी सकाळी साडेसहाला, मिठाचं प्रमाण पुन्हा बघावं म्हणून सातव्यांदा वाचायला घेतलं आणि नजर चुकून कृतीच्या वर गेली. तिथं बायबलमधल्या दोन ओळी होत्या. अर्थ असा, की तू अर्पण घेऊन आलीस आणि तिथं तुला आठवलं की कुणाच्या तरी मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण ठेव तिथंच. आधी जा, त्याच्याशी मिटव, मग ये.

ही आज्ञा मी लहानपणापासून ऐकलेली. दर वेळी मनात उत्तर तयार असायचं: माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही बुवा. बारीक अक्षरं तीनदा वाचणारी बाई मी, आणि ही ओळ आयुष्यभर वरवर वाचत आले होते. माझ्या मनाची तिथं चौकशीच नव्हती. कुणाच्या मनात माझ्याबद्दल काही आहे का, असं विचारलं होतं.

माझे हात मनगटापर्यंत पिठात होते. आणि डोळ्यांसमोर ताई.

ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. शहराच्या बसची ड्रायव्हर, सात नंबरचा मार्ग, चौदा वर्षं. खांदे असे, की बाळ त्यावर टाकलं तर आपोआप गप्प होतं. तीन आठवड्यांपूर्वी माझी दाढ काढायची होती आणि साहेबांना जन्मात पहिल्यांदा दोन तास दुसऱ्या कुणाकडे सोडायचं होतं. ताई खास सुट्टी घेऊन आली. मी फ्रिजवर यादी चिकटवून ठेवली होती. एकेचाळीस सूचना. ताईनं ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "अगं, देवानं दहा आज्ञांत भागवलं!" मी हसले नाही. मी संख्याशास्त्र शिकले आहे. दहा हा आकडा मला कशासाठीच पुरेसा वाटत नाही.

परत आले तेव्हा माझा अर्धा जबडा बधिर होता. आरामखुर्चीत ताई मागे रेलून घोरत होती आणि तिच्या पोटावर साहेब पालथे पडून घोरत होते. दोघांचा ताल एक. सूचना क्रमांक तेवीस: 'अंगावर झोपवू नये. पाळण्यातच, पाठीवर.'

त्या दिवशी मला पाणीसुद्धा न सांडता पिता येत नव्हतं. पण ते वाक्य मात्र त्या बधिर तोंडातून स्वच्छ बाहेर पडलं. "ज्यांना स्वतःचं मूल नाही, त्यांना नियम कशासाठी असतात ते कसं कळणार?"

ताई उठली. साहेबांना पाळण्यात ठेवलं, पाठीवर. दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, सावकाश, एकेक ओढून. आणि गेली. त्यानंतर ती घरी आली नाही आणि मी सात नंबरमध्ये चढले नाही. नऊ नंबरनं जायचे आणि पुढे दहा मिनिटं चालायचे. सात नंबर येताना दिसली की थांब्याच्या खांबाआड उभी राहायचे. खांब बारीक आहे, मी नाही.

"अरे," मी नवऱ्याला हाक मारली. तो गिटारच्या तारा जुळवत होता. आठवडाभर चष्म्याच्या काचा घासतो, रविवारी गायनमंडळात गिटार वाजवतो. "मला ताईंना भेटायचंय."

"भेटू की. दुपारी जेवायला बोलाव."

"आधी."

"कशाच्या आधी?"

"भाकरीच्या." मी पिठाळ बोटानं कार्ड दाखवलं. त्यानं चष्मा वर करून वाचलं. त्या दिवशी घरात काय झालं होतं ते त्याला मी सांगितलेलं होतं. म्हणजे, माझ्या बाजूनं, गाळून, निवडून.

"फोन कर मग."

"ड्युटीवर फोन बंद असतो त्यांचा."

"मेसेज टाक. 'चुकलं, माफ करा,' आणि खाली ते हात जोडलेलं चित्र."

"इथं 'जा' असं लिहिलंय. 'मेसेज टाक' असं नाही लिहिलेलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुला वाचायला काही देऊच नये कुणी," म्हणाला, आणि गिटार खांद्याला लावून तालमीला निघाला. दारातून मात्र परत वळला. "सात नंबर आठ पंचवीसला येते. आज तिचीच पाळी आहे."

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. निवडलेलं, गाळलेलं सगळं.

*

आठ पंचवीसला मी थांब्यावर उभी होते, या वेळी खांबाच्या पुढे. पोटाशी पट्ट्यानं बांधलेले साहेब, हातात मोठं पातेलं, पातेल्यात मळलेलं पीठ, वर ओला फडका. पीठ घरी सोडणं शक्यच नव्हतं. ते फुगत असताना त्याच्यावर लक्ष नको? साडेनऊला चर्चच्या ओव्हनमध्ये जायला हवं होतं, आणि सात नंबरचा शेवटचा थांबा चर्चच्या बरोबर समोर. सगळं जुळत होतं. वाटेत समेट, शेवटी भाकर.

दार उघडलं. ताईनं मला लांबूनच पाहिलं असणार, कारण मी चढले तेव्हा ती समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे फारच बारकाईनं बघत होती. रिकामी सीट एकच होती, अगदी पुढची, इंजिनाच्या झाकणाला लागून. बसले. पातेलं झाकणावर टेकवलं. झाकण चांगलं कोमट होतं. कार्डावर लिहिलं होतं, 'उबदार जागी ठेवावे.' मी मनात म्हटलं, वा!

'वा' म्हणायची घाई झाली. पण ते पुढे.

"ताई," मी म्हटलं.

ताईनं मान न वळवता डावा अंगठा वर केला. अंगठ्याच्या रेषेत पाटी होती: 'गाडी चालू असताना प्रवाशांनी चालकाशी बोलू नये.'

आता यावर मी काय बोलणार? पाटी म्हणजे पाटी.

मी हिशेब मांडला. मध्ये दहा थांबे. प्रत्येक थांब्यावर गाडी साधारण वीस सेकंद उभी. एकूण दोनशे सेकंद, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. एका माफीला पुष्कळ झाले. 

पहिला थांबा आला. मी उठले. "ताई, त्या दिवशी मी..." तेवढ्यात तीन पिशव्यांच्या बाई माझ्या आणि ताईच्या मधून चढल्या, पिशव्या एकेक करून. दार बंद. मी बसले.

दुसरा थांबा. "मला असं म्हणायचं होतं, की..." "आत सरका, आत सरका, मागे मैदान मोकळं आहे!" कंडक्टर ओरडला. दार बंद.

तिसऱ्या थांब्यावर ना कुणी चढणार होतं ना उतरणार. ताई थांबलीच नाही. माझे वीस सेकंद खिडकीबाहेरून मागे निघून गेले.

"बाई," मागच्या सीटवरच्या काठीवाल्या आजोबांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं, काठीनंच. "मघापासून बघतोय. दर थांब्याला उठता, अर्धं वाक्य बोलता, बसता. काय आहे काय?"

"माफी मागतेय."

"अशी तुकड्यातुकड्यांनी?"

मी पाटी दाखवली. आजोबांनी ती ओठ हलवत वाचली. त्यांचा चेहरा उजळला. "प्रवाशांनी म्हटलंय! कंडक्टर काय प्रवासी आहे का? ए कंडक्टर, इकडे ये."

कंडक्टर आला. गुबगुबीत माणूस, मिशा टोकाला वळवलेल्या. प्रकरण कळल्यावर त्यानं पिशवी सावरली आणि आमच्या दोघींच्या मध्ये असा उभा राहिला, जसं काही याच कामासाठी त्याला नेमलं होतं.

"मॅडम, बाई म्हणतायत चुकलं."

"कुणाचं?" ताई. नजर रस्त्यावर.

"कुणाचं?" कंडक्टर मला.

"माझं."

"त्यांचंच म्हणतायत."

"काय चुकलं विचार."

"मी जरा लागेलसं बोलले," मी म्हटलं.

"जरा लागेलसं बोलल्या, मॅडम."

"जरा?"

"जरा?" कंडक्टरनं हे इतकं हुबेहूब ताईच्या आवाजात विचारलं, की मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"बरंच," मी म्हटलं.

"बरंच म्हणतायत. वाढवलंय त्यांनी."

इथं साहेबांनी आनंदाची किंकाळी मारली. मी खाली पाहिलं. फडका आचाऱ्याच्या टोपीसारखा उंच झाला होता. इंजिनाच्या उबेनं पीठ पातेल्याच्या काठावर येऊन बाहेर डोकावत होतं आणि साहेबांनी त्यात कोपरापर्यंत हात घातला होता. मी हात ओढला. हाताबरोबर पिठाची लांबलचक दोरी आली. पिशवीवाल्या बाईंनी रुमाल दिला, आजोबांनी काठीनं फडका दाबून धरला. पीठ काठी घेऊन वर आलं.

"हे काय आहे?" आजोबा.

"प्रभुभोजनाची भाकर."

आजोबांनी काठी हळूच काढून घेतली आणि टोपी नीट केली.

"काय बोलल्या ते विचार त्यांना," पुढून ताईचा आवाज आला. अगदी साधा. पण गिअर बदलताना तिचा हात क्षणभर थबकलेला मी पाहिला.

"काय बोललात?" कंडक्टरनं विचारलं. गाडी एकदम शांत झाली. सगळ्यांना ऐकायचं होतं. माझ्या जिभेवर ते वाक्य होतं, आणि ते तिसऱ्याच माणसाच्या तोंडून, मिशांतून, भरल्या गाडीत ताईपर्यंत पोचणार होतं. एकदा लागलं तेवढं पुरे नव्हतं का?

"ते मी तुमच्याकडून नाही सांगणार," मी म्हटलं. "ते माझं मीच बोलायला हवं. गाडी थांबल्यावर."

कंडक्टर जरा हिरमुसला. "मॅडम, बाई स्वतः येणार म्हणतायत."

ताईनं मान हलवली. एवढीशी.

उरलेले थांबे मी पीठ खाली दाबत काढले. दाबलं की फुस्स करून बसायचं, पुढच्या थांब्यापर्यंत पुन्हा वर. कार्डावर लिहिलं होतं, 'या वेळी पिठाला हात लावू नये.' मी पहिल्यांदाच एखादी सूचना सरळ मोडत होते आणि नवल म्हणजे छत कोसळलं नाही.

*

"शेवटचा थांबा!" कंडक्टरनं पुकारलं. इंजिन बंद झालं. पाटीचा अंमल संपला. पण एकही माणूस उठला नाही. पिशवीवाल्या बाईंचा थांबा तर दोन मागे गेला होता.

आजोबांनीच काठी आपटली. "चला, उतरा सगळे. घरचं बोलणं आहे." सगळे उतरले आणि गाडीच्या बाहेर, काचेला नाकं लावून उभे राहिले.

ताई स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. माझ्याकडे वळली. तीन आठवड्यांनी तिचा चेहरा समोरून दिसला. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"ताई, मी म्हटलं होतं की ज्यांना स्वतःचं मूल नाही त्यांना कसं कळणार. ते खोटं होतं, आणि मला माहीत होतं की ते लागेल, म्हणूनच मी ते निवडलं. मी घाबरले होते. मी सारखीच घाबरलेली असते. पण म्हणून ते कमी वाईट होत नाही. माझं चुकलं."

एवढंच. वीस सेकंदांत बसलं असतं.

 हात वर करून ताईनं उन्हासाठी असते ती पट्टी खाली पाडली. तिच्यामागे घडी घातलेला कागद होता. माझी यादी! फ्रिजवरून निघालेल्या चिकटपट्टीसकट. ती निघताना कागद काढून घेऊन गेली होती, हे मला आत्तापर्यंत कळलंच नव्हतं. मला वाटलं होतं पडला असेल कुठंतरी.

"तेवीस," ताईनं बोट ठेवलं. "अंगावर झोपवू नये. वाचलं होतं मी. आता एकोणीस वाच."

मी वाचलं. माझ्याच अक्षरात. 'दोन मिनिटांपेक्षा जास्त रडू देऊ नये.'

"पाळण्यात ठेवला की रडायचा. घड्याळ लावून बसले होते मी. दोन मिनिटं झाली की उचलायचा, उचलला की गप्प, ठेवला की पुन्हा सुरू. तेवीस पाळावा तर एकोणीस मोडतो, एकोणीस पाळावा तर तेवीस. अकरा वेळा ठेवलं आणि उचललं. बाराव्या वेळी दोघंही झोपलो. सांग आता, कुठला पाळायचा होता मी?"

मी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. एकेचाळीस सूचना तीनतीनदा तपासल्या होत्या आणि त्या आपापसांत भांडतायत हे मला दिसलं नव्हतं.

"देवाच्या दहा आहेत," ताई म्हणाली, "पण एक पाळताना दुसरी मोडावी लागली असं अजून तरी झालेलं नाही माझं."

"खूप लागलं ना, ताई?"

"लागलं. पहिला गिअर टाकला की 'ज्यांना'. दुसरा, 'स्वतःचं'. तिसरा, 'मूल'. चौथ्यात टाकायचंच टाळायला लागले. तीन आठवडे सात नंबर उशिरा धावतेय, डेपोतून दोनदा विचारणा झाली. काय सांगणार? भावजयीमुळे?"

मी हसले आणि त्याच वेळी रडले, त्यामुळे जो आवाज आला तो साहेबांना इतका आवडला, की त्यांनी तसाच काढून दाखवला. ताईचे ओठ थरथरले. तिनं ते दाबले.

"हे काय आहे पातेल्यात?" तिनं उगाच कडक आवाजात विचारलं. मी सांगितलं. कार्ड, वरच्या दोन ओळी, सगळं.

"म्हणजे अर्पण तिथंच ठेव आणि आधी जा, असं आहे त्यात."

"हो."

"आणि तू अर्पण काखोटीला मारून आलीस!"

"ते फुगत होतं, ताई. लक्ष नको?"

"अगं, हीच तर तुझी गोची आहे. 'जा' तेवढं ऐकलंस, 'ठेव' नाही ऐकलंस." आणि ताई हसली. म्हणजे सुरुवात झाली. खांदे आधी, आवाज मागून. बाहेर काचेला लागलेली नाकंसुद्धा हसायला लागली, काही ऐकू येत नसताना.

मग ती गंभीर झाली. "हे बघ, मी तुला खोटं सांगणार नाही. तू आलीस, सरळ बोललीस, बरं वाटलं. पण आतून अजून पूर्ण गेलेलं नाही. तुला जायची आज्ञा आहे, तशी मला माफ करायची आहे. किती वेळा ते मोजायचंही नाही. तेव्हा मी माफ केलं. आत्ता, इथं. आज्ञा आहे म्हणून. मन मागच्या गाडीनं येईल."

"चालेल," मी म्हटलं. "किती वाजता आहे मागची गाडी?"

"चावट आहेस. जा, पीठ पळालं तुझं."

खरंच पळालं होतं. पातेल्यातून उतरून ते इंजिनाच्या झाकणावरून खाली निघालं होतं, आणि कंडक्टर दारातून ओरडत होता, "मॅडम, गाडीला पाव फुटला!"

*

चर्चच्या स्वयंपाकघरात, तिथलं सगळं बघणाऱ्या काकूंनी पातेल्याकडे पाहिलं आणि हातातला चमचा खाली ठेवला. "ह्याला काय झालं?"

"प्रवास."

पातेल्यात उरलं होतं तेवढं पीठ आम्ही पुन्हा गोळा करून ओव्हनमध्ये घातलं. भाकर बाहेर आली ती एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बसकी, वळणावर कललेल्या गाडीसारखी. पण वास असा सुटला, की गायनमंडळातले दोघं दोनदा पाणी प्यायला आत येऊन गेले. एक माझा नवरा. त्यानं भाकरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "झालं?" "झालं." तो गिटारकडे उड्या मारत गेला.

दहा वाजता उपासना सुरू झाली. उपदेश झाला. आणि मग पाळक नेहमीसारखे दारात आले. "सगळ्यांशी नीट आहे ना?"

"एकाशी नव्हतं, पास्टर," मी म्हटलं. "आज मिटवलं. अर्धं झालंय. बाकीचं मागच्या गाडीनं येतंय."

पाळकांचं 'मग आणा' तोंडाशी येऊन थांबलं. 'हो' नंतर काय म्हणायचं हे त्यांना पाठ होतं. याच्यानंतरचं पाठ नव्हतं. ते उभे राहिले. मग त्यांची मान हळूहळू काकूंकडे वळली.

"काकू, मागच्या रविवारी उपदेश चालू असताना तुम्ही भांडी आपटलीत, तेव्हा मी जे बोललो..."

"आपटली नव्हती. पडली होती."

"तेच. माझं चुकलं."

"आठवडाभर मी तुमच्या चहात साखर कमी घालतेय," काकू म्हणाल्या. "माझंही चुकलं."

"तरीच!" पाळक म्हणाले, आणि मग एकदम आवाज पुरोहितासारखा करून, "मग आणा."

तेवढ्यात मागच्या दारात कुणीतरी खाकरलं. ताई. गणवेशात, टोपी काखेत. तिची गाडी फेरी करून परत आली होती. पुढचा ड्रायव्हर येईपर्यंत तिला गाडी सोडून फार वेळ थांबता येत नव्हतं. तिनं दोन्ही हात पुढे केले.

"आण त्याला. तू भाकर ने. एवढं लोढणं गळ्यात बांधून मेजाशी जाणार आहेस का?"

"पोचलं का, ताई?" मी विचारलं.

"कोण?"

"मन."

"चढलंय. उभं आहे अजून. बसायला जागा नाही."

मी पट्टा सोडला. साहेबांना तिच्या हातात देताना माझं तोंड उघडलं. एक ते एकेचाळीस, सगळ्या सूचना रांग लावून जिभेवर उभ्या होत्या: ऊन, टोपी, हातात काय सापडेल, तोंडात काय जाईल, ते एवढं मोठं स्टिअरिंग, त्या पायऱ्या. ताई वाट बघत होती. मी काय म्हणते ते बघत होती, माझ्या लक्षात आलं, अगदी श्वास धरून.

"घ्या," मी म्हटलं.

साहेबांनी तिच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि ते दोघं उन्हात निघून गेले. मी वाकडी भाकर उचलली आणि आत गेले.

मेजावर ठेवताना ती एका बाजूला कलली. मी हातानं सरळ केली नाही. जागेवर येऊन बसले. पाळकांनी भाकर वर उचलली, प्रार्थना सुरू केली, सगळ्यांची डोकी खाली गेली, आणि इतकी शांतता झाली की नवऱ्याच्या खुर्चीची कुरकुरसुद्धा ऐकू आली.

पोंऽऽऽऽ!

रस्त्यावरून. बसचा भोंगा. लांब, भरदार, पूर्ण तळहात टेकवून वाजवलेला. मग थोडी शांतता. मग छोटासा, चाचपडत: पों. आणि त्यामागून ताईचं हसणं, इथपर्यंत.

माझे गुडघे उठायला निघाले. तीन आठवड्यांपूर्वी मी धावत गेले असते. भोंग्याच्या आवाजानं आठ महिन्यांच्या कानांना किती अपाय होतो याचे आकडे मला पाठ आहेत. खाली घातलेली डोकी हलायला लागली होती. काकूंचे खांदे. शेजारच्या बाकावरची मुलं. पाळक स्वतः डोळे मिटून, ओठ आवळून, 'आमेन'पर्यंत कसंबसं पोचायचा प्रयत्न करत होते.

मी उठले नाही. हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले. पोंऽऽ. आणि मलाही हसू आलं, आवरेना असं, पोटातून, तोंडावर पदर नाही तर निदान रुमाल धरावा म्हणून खिशात हात घातला तर पिशवीवाल्या बाईंचा रुमाल निघाला, पिठानं कडक झालेला.

भाकर फिरत आमच्या रांगेपर्यंत आली तेव्हा बाकाच्या टोकाशी बुटांचा आवाज झाला. पुढचा ड्रायव्हर आला असणार. ताई साहेबांना कडेवर घेऊन वाट काढत आली. साहेबांच्या डोक्यावर तिची टोपी, नाकापर्यंत उतरलेली. मी सरकले. ताईनं वाकडा तुकडा मोडून घेतला, माझ्याजवळ टेकली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

"मिळाली जागा."